बोअरचं पाणी, टबात पांढरा साका आणि सामू रोज वर: नक्की चुकतंय कुठे?

गच्चीवरचा_टब (जळगाव) | १४ एप्रिल, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून गच्चीवर मातीविना भाजी लावतोय. वीस-वीस लिटरचे तीन टब, झाकणाला भोकं पाडून त्यात जाळीचे कप, खाली माशांच्या टाकीचा हवेचा पंप. हिवाळ्यात पालक, लेट्यूस आणि कोथिंबीर अशी आली की शेजारचे लोक जिना चढून बघायला यायचे. होळीनंतर मात्र सगळं बिघडलं.

पाणी बोअरचं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) ७८० दाखवतं, सामू म्हणजे पीएच ८ च्या आसपास. फॉस्फरिक ॲसिडचे थेंब टाकून संध्याकाळी ६ वर आणतो. सकाळी ७.३, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा ७.८. महिनाभर रोज हेच चाललंय.

दुसरा त्रास पांढऱ्या साक्याचा. तळाशी बारीक रवाळ गाळ बसतो, पाण्याच्या रेषेवर कडक पांढरी कड धरते आणि मुळांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. नवीन पानं पिवळी पडताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या.

खत ए आणि बी अशा दोन पुड्यांचं आहे. दोन्ही मोजून मगभर पाण्यात नीट घोळतो आणि टबात ओततो, त्यामुळे मापात चूक नसावी. टब बदलू, पाणी बदलू की खताची कंपनी बदलू? लेकीनं लेट्यूसची रोपं स्वतः लावली आहेत, ती डोळ्यांदेखत जाताना बघवत नाहीत.

---

तापीकाठ (भुसावळ) | १४ एप्रिल, रात्री ९:४१

टबात रोज वरून किती पाणी घालावं लागतं? आणि तेही बोअरचंच का?

---

कळण्याची_भाकरी (अमळनेर) | १४ एप्रिल, रात्री ९:५८

भाऊ, राग मानू नका. आपल्याकडे तापीकाठची काळी माती आहे, तिच्यात पोकळा, शेपू, आंबाडी नुसतं बी फेकलं तरी येतं. कुंडीत माती आणि शेणखत भरा, पाणी घाला. ॲसिडच्या बाटल्या घरात कशाला आणायच्या? लहान लेकरू आहे म्हणता. मला हे मनापासून पटत नाही.

---

गच्चीवरचा_टब | १४ एप्रिल, रात्री १०:१०

@तापीकाठ हिवाळ्यात आठवड्याला तीन-चार लिटर लागायचं. आता एका टबाला रोज तीन लिटर. हो, बोअरचंच.

@कळण्याची_भाकरी ताई, राग कसला? घर जुनं आहे, गच्चीवर मातीचं ओझं नको असं बांधकामवाल्यानं बजावलंय. म्हणून हा मार्ग धरला. ॲसिड कुलपात ठेवतो.

---

केळीबाग_रावेर (रावेर) | १४ एप्रिल, रात्री १०:४७

भो, तुमच्या पोस्टमधली एक ओळ वाचली आणि हातातला चहा खाली ठेवला. "दोन्ही मोजून मगभर पाण्यात घोळतो." निम्मा साका तिथेच तयार होतोय.

आम्ही केळीला ठिबकमधून खत सोडतो. १२:६१:०, १३:०:४५, ०:५२:३४ (हे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पोटॅशचं प्रमाण), कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, सगळं वापरतो. पण कॅल्शियम नायट्रेटचा दिवस वेगळा असतो. त्या दिवशी व्हेंचुरीच्या (ठिबकमध्ये खत ओढणाऱ्या नळीच्या) बादलीत सल्फेट नाही आणि स्फुरद तर नाहीच नाही. आमच्या वडिलांनी नवीन ठिबक बसवलं तेव्हा पहिल्याच वर्षी सगळं एका ड्रममध्ये कालवलं होतं. ड्रममध्ये ताकासारखं पांढरं पाणी झालं आणि दोन एकरांचे ड्रिपर बसले. एकेक ड्रिपर टाचणीनं मोकळा करत आम्ही दोघं भाऊ आठ दिवस वाकलेलो होतो. ती शिकवण जन्मात विसरणार नाही.

तुमच्या ए पुडीत बहुतेक कॅल्शियम नायट्रेट आणि लोह असणार, बी पुडीत मॅग्नेशियम सल्फेट आणि स्फुरद. दाट द्रावणात दोन्ही भेटले की कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्सम, कॅल्शियम आणि स्फुरद मिळून कॅल्शियम फॉस्फेट. दोन्ही पांढरे, आणि एकदा तळाशी बसले की झाडाच्या कामातून गेले. वीस लिटरमध्ये पातळ होऊन भेटले तर एवढं होत नाही. म्हणून पुड्या दोन असतात, नाहीतर कंपनीनं एकच नसती का दिली?

टबात आधी पाणी भरायचं. ए वेगळ्या मगात विरघळवून टबात ओतायचं आणि पाच मिनिटं ढवळायचं. मग धुतलेल्या मगात बी विरघळवून ओतायचं. एवढं केलं तरी तळाचा गाळ थांबेल. वरच्या कडेची पांढरी रेघ दुसऱ्या कशाची असावी असं वाटतं, त्यावर जाणकार बोलतील.

---

शेवभाजी_स्पेशल (जळगाव) | १४ एप्रिल, रात्री ११:०२

वरच्या कडेची रेघ मी सांगतो. घरचा कूलर उघडून जाळी बघा. तीच पांढरी खर, तेच बोअरचं पाणी. आमच्या कूलरची खस तर मे अखेरीस पापडासारखी कडक होते, कडाकडा मोडते.

---

काचनळी (धुळे) | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. घरी पुदिना आणि पालक पाण्यावरच आहेत. रावेरच्या दादांनी गाळाचं अगदी बरोबर सांगितलं. सामूचं मी सांगते, थोडं लांबेल.

सामू म्हणजे पाणी आत्ता किती आम्ल किंवा किती अल्कली आहे. पण पाणी आम्लाला किती दाद देणार, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं क्षारतेवरून, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटवरून. दोन पाण्यांचा सामू ८ च असला तरी एक दोन थेंबांत ६ वर येतं आणि दुसरं बाटली रिकामी झाली तरी हलत नाही. आपल्या बोअरच्या पाण्याचा स्वभाव बहुतेक दुसऱ्यासारखा. बेसॉल्टच्या भेगांतून आणि चुनखडीच्या थरांतून मुरत आलेलं पाणी बायकार्बोनेट घेऊनच वर येतं.

आता रात्रीत सामू का चढतो? ॲसिड टाकलं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो काही वेळ पाण्यात विरघळलेला राहतो आणि तोवर मीटर ६ दाखवतं. तुमचा हवेचा पंप रात्रभर तो वायू बाहेर काढतो. वायू गेला की उरलेलं बायकार्बोनेट पुन्हा सामू वर ओढतं. म्हणजे संध्याकाळी दिसणारा ६ टिकाऊ नसतोच.

त्यात तुम्ही रोज तीन लिटर बोअरचं पाणी घालता. उन्हानं आणि झाडानं पाणी उडतं, क्षार टबातच राहतात. आठवडाभरात एकवीस लिटर पाण्याचं बायकार्बोनेट वीस लिटरच्या टबात जमा झालं. हिवाळ्यात हे तीन-चार लिटरचंच होतं, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत चाललं. तापीकाठनं पहिलाच प्रश्न नेमका विचारला होता.

झाडाचाही यात वाटा असतो. मुळं नायट्रेट घेतात तेव्हा सामू हळूहळू चढतो, अमोनियम घेतात तेव्हा उतरतो. पण २४ तासांत ६ वरून ७.८ हा झाडाचा वेग नव्हे, पाण्याचा आहे.

पानं पिवळी पडतात ती लोहामुळे. खतात लोह ईडीटीए, डीटीपीए किंवा ईडीडीएचए अशा संयुगात धरून ठेवलेलं असतं. सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए प्रकारचं लोह सुटायला लागतं आणि गंजासारखं खाली बसतं. डीटीपीए सातच्या थोडं पुढे तग धरतं, ईडीडीएचए तर नऊपर्यंत टिकतं. तुमच्या पुडीत कोणतं आहे ते पाकिटावर बघा.

आणि एक प्रयोग करा. तळाचा गाळ आणि कडेची खर वेगवेगळ्या बशीत घ्या, दोन्हींवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट. नाही फसफसलं तर जिप्सम किंवा फॉस्फेट.

---

सातपुड्याची_सावली (शहादा) | १५ एप्रिल, सकाळी ८:३०

मॅडम, माझा अनुभव वेगळा आहे. पुदिना दोन वर्षं साध्या बोअरच्या पाण्यावर आहे, सामू साडेसातच्या खाली कधीच आला नाही. तरी जुडीनं पुदिना निघतो. मला वाटतं लोक मीटर विकत घेतात आणि मग मीटरच त्यांना झोपू देत नाही. झाड बघा, आकडा नका बघू.

---

काचनळी | १५ एप्रिल, सकाळी ९:०५

@सातपुड्याची_सावली पुदिना खरंच सोशिक आहे, माझाही सातच्या वर तरतरीत असतो. लेट्यूस आणि पालक तसे नाहीत, त्यांना साडेपाच ते साडेसहा मानवतं. आणि झाड बघा म्हणता ते मान्यच आहे. यांचं झाडच पिवळं पडून सांगतंय ना.

---

नानाचं_शेत (पारोळा) | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

पयले पाणी तपासी ले भो. मी बी थेंब टाकी टाकी दखं, काही जमनं नही.

---

तापीकाठ | १५ एप्रिल, दुपारी १:१२

मीटरचं कोणी बोललं नाही. पिवळा पेनसारखा असेल तर त्याचा आकडा महिन्यातून दोनदा तरी बफर द्रावणात (ज्याचा सामू ठरलेला असतो) घालून जुळवून घ्यावा लागतो. सोबत ४.०१ आणि ६.८६ च्या पुड्या येतात, त्या मोजून पाण्यात विरघळवायच्या. माझा मीटर सहा महिने कोरडा टोपणात पडून होता. एकदा बफरमध्ये घातला तर ६.८६ च्या जागी ७.५ दाखवला! तोवर मी चांगल्या पाण्यात ॲसिड ओतत होतो आणि मुळं जाळली. काचेचं टोक ओलं ठेवायचं असतं, आणि तेही आरओच्या पाण्यात नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात.

दुसरं, टब पारदर्शक आहेत का? मी सुरुवातीला पाण्याचे पांढरे जार वापरले. आठ दिवसांत आत हिरवं शेवाळ. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं म्हणून दुपारी सामू चढतो, रात्री उतरतो. सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा मोजलंत तर शेवाळ आहे की नाही ते आकड्यांतच दिसतं. काळा रंग आणि त्यावर पांढरा रंग मारला, उजेड बंद, शेवाळ बंद.

---

गच्चीवरचा_टब | १५ एप्रिल, रात्री ९:३०

प्रयोग केला. लेक शेजारीच बसली होती.

कडेची खर: व्हिनेगर पडताच फसफस. टाळ्या पिटल्या तिनं.
तळाचा गाळ: काहीही नाही. बशी हलवली तर सुईसारखे बारीक कण चमकतात.

म्हणजे दोन वेगळे साके! महिनाभर मी एकच रोग समजून औषध करत होतो.

मीटर बफरमध्ये घातला, ०.३ जास्त दाखवतो. आता आकडा जुळवून घेतला. टब निळे आहेत, उजेड आत जात नाही. लोह ईडीटीए आहे. आणि खत घोळायचे मगही आता दोन वेगळे.

---

काचनळी | १५ एप्रिल, रात्री ९:५२

छान! चमकणाऱ्या सुया म्हणजे जिप्सम. ते व्हिनेगरनं विरघळत नाही, पाणी फेकून टब घासूनच काढा. त्याबरोबर तुमच्या खतातलं कॅल्शियम आणि गंधकही गेलं, तेव्हा त्या पाण्यात आणखी काही टाकून सुधारत बसू नका. कडेच्या खरीला व्हिनेगरचं फडकं पुरेल.

लेकीला सांगा, कडेवर जी फसफसली तीच चीज चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर दिसते. हाही प्रयोग करून दाखवा. फक्त निवळी ओढू द्यायची नाही, नळीनं फुंकायची.

---

गिरणेची_वाळू (भडगाव) | १६ एप्रिल, सकाळी ६:५०

जाळीच्या कपात काय भरलंय? मी नदीतली खडी धुऊन घातली होती आणि तुमच्यासारखाच सामू चढत होता. पाणी आरओचं, खत बरोबर, मीटर नवा, तरी चढायचा. शेवटी दोन खडे लिंबाच्या रसात टाकले तर बुडबुडे आले. चुनखडीचे गोटे होते ते. आपल्याकडे काळ्या मातीतल्या खडीत हे हमखास असतं. जुन्या भिंतीच्या विटांचे तुकडे घालतात लोक, त्यांनाही चुना किंवा सिमेंट चिकटलेलं असतं.

---

गच्चीवरचा_टब | १६ एप्रिल, सकाळी ७:२०

भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि खाली थोडं कोकोपीट आहे. कोकोपीट तीनदा धुतलं होतं.

---

भर_उन्हात (चोपडा) | १६ एप्रिल, सकाळी ११:१०

कोकोपीट तीनदा धुऊन भागेलच असं नाही. स्वस्त विटांमध्ये सोडियम आणि पोटॅश भरपूर असतं. निथळलेलं पाणी टीडीएस मीटरनं मोजा. धुवायला घेतलेल्या पाण्याच्या आकड्याजवळ येईपर्यंत धुवायचं. मग एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ पाण्यात भिजवायचं आणि पुन्हा एकदा धुवायचं. तसं नाही केलं तर कोकोपीट तुमच्या खतातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं. तपकिरी रंगाला घाबरू नका, तो टॅनिनचा असतो.

---

शेवभाजी_स्पेशल | १६ एप्रिल, दुपारी ३:०५

सामू खाली आणायला लिंबू चालेल ना? गच्चीवरच झाड आहे, ॲसिडची जोखीम नको.

---

काचनळी | १६ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक आम्ल हे सगळे सेंद्रिय. दोन-तीन दिवस काम करतात, मग पाण्यातले जिवाणू ते खाऊन टाकतात आणि सामू पुन्हा वर. वर जिवाणूंचा बुळबुळीत थर मुळांवर धरतो. आणीबाणीला ठीक, रोजच्याला नाही.

---

नवा_हिरवा (जळगाव) | १६ एप्रिल, रात्री ८:१५

माझ्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीचं ॲसिड आहे. ते टाकलं तर?

---

केळीबाग_रावेर | १६ एप्रिल, रात्री ८:२१

नका टाकू भो. बॅटरीतून काढलेल्या ॲसिडमध्ये शिसं असतं आणि तुम्ही पानं खाणार आहात.

ॲसिडचा विषय निघालाच आहे तर आमची शिस्त सांगतो. ठिबकमध्ये क्षार बसले की आम्ही आम्लप्रक्रिया करतो. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याला सामू मोजायचा कागद लावून सामू ४ पर्यंत उतरला की पंप बंद. २४ तास तसंच ठेवून मग लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं उघडून सगळं धुऊन काढायचं. तुम्ही रिकामा टब, हवेची नळी आणि तिच्या टोकाचा बुडबुडे काढणारा दगड यांना हीच प्रक्रिया करू शकता. फक्त झाडं आधी बाहेर काढा.

ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि शेवाळासाठी ब्लीचिंग वापरलं असेल तर त्याच दिवशी ॲसिड जवळही आणू नका. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो. आमच्या गावात एक सालदार पंपाच्या खोलीत असा कोसळला होता, दार उघडं होतं म्हणून वाचला. हात जोडून सांगतो, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

---

कळण्याची_भाकरी | १६ एप्रिल, रात्री ८:५०

हे वाचून अंगावर काटा आला. माझं पहिलं म्हणणं कायम आहे, पण दादांनी एवढं नीट सांगितलं ते बरं झालं.

---

गच्चीवरचा_टब | २४ एप्रिल, रात्री ९:००

पाणी तपासून आणलं. सामू ७.९, ईसी (क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप) १.५, क्षारता ३४० मिलिग्रॅम प्रतिलिटर, एकूण कठीणपणा ४२०. मॅडम, आता यातून हिशोब कसा करायचा?

---

काचनळी | २५ एप्रिल, सकाळी ७:४०

आधी ईसी. तुमचं नुसतं पाणीच दीड आहे. लेट्यूसला खतासकट एक-सव्वा पुरतो. म्हणजे खत टाकायच्या आधीच ताट भरलंय, आणि तेही झाडाला फारशा कामाच्या नसलेल्या क्षारांनी.

आता क्षारता. ५० मिलिग्रॅमला एक मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाशी हिशोब जुळवायचं एकक) धरतात, म्हणून ३४० म्हणजे ६.८. वायू निघून गेल्यावरही सामू ६ वर टिकवायचा तर हे जवळजवळ सगळं मारावं लागतं. ८५ टक्के फॉस्फरिक ॲसिडनं मारायचं ठरवलं तर लिटरमागे ०.४६ मिली, वीस लिटरला सव्वानऊ मिली. ऐकायला थोडं वाटतं. पण त्यातून लिटरमागे २१० मिलिग्रॅम स्फुरद जातं, आणि झाडाला हवं असतं ३० ते ६०. जादा स्फुरद कॅल्शियमला आणि लोहाला धरून खाली बसतं. म्हणजे सामू उतरवायला टाकलेलं औषधच नवा साका करतं आणि पानं आणखी पिवळी पाडतं. महिनाभर तुमच्या टबात हेच घडत होतं.

नायट्रिक ॲसिडनं स्फुरदाचा प्रश्न येत नाही, मोठे हरितगृहवाले ते वापरतात. पण ते फार घातक आहे. लेकरू खेळतं त्या गच्चीवर मी ते सुचवणार नाही.

उपाय पाण्यातच आहे. घरच्या आरओचं पाणी तीन भाग आणि बोअरचं एक भाग. आरओची क्षारता २० धरली तर मिश्रणाची १०० येते, म्हणजे २ मिलिइक्विव्हॅलंट. आता वीस लिटरला पावणेतीन मिली फॉस्फरिक पुरेल, स्फुरद साठच्या आसपास. तेवढं झाडाला चालतं. बी पुडीत आधीच स्फुरद असतं, म्हणून पुढे सुटी खतं आणलीत तर ०:५२:३४ वगळा आणि पोटॅश १३:०:४५ मधून द्या.

पाणी भरून आधी दोन मिली टाका, पंप रात्रभर चालू ठेवा. सकाळी मोजून उरलेलं थेंबाथेंबानं. खत त्यानंतर, ए आधी आणि बी मागून. निव्वळ आरओचं पाणी मात्र घेऊ नका. त्याला काही आधारच नसतो, एका थेंबानं सामू धाडकन ४ वर येतो.

---

सातपुड्याची_सावली | २५ एप्रिल, सकाळी १०:३०

हिशोब बिनचूक आहे, पण एक गोष्ट मनाला टोचते. आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर सोडून देतो. एप्रिल-मेमध्ये, टँकरची वाट बघणाऱ्या गावांशेजारी, लेट्यूससाठी हे करायचं?

---

तापीकाठ | २५ एप्रिल, सकाळी ११:००

रास्त बोललात. मी सोडलेलं पाणी ड्रममध्ये धरतो, फरशी आणि संडासाला वापरतो. झाडांना अजिबात नाही, ते बोअरपेक्षाही खारट असतं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी भरून ठेवतो. पहिला पाऊस सोडून द्यायचा, दुसऱ्यापासून साठवायचं. ऑक्टोबरपर्यंत आरओला हात लावावा लागत नाही.

---

शेवभाजी_स्पेशल | २५ एप्रिल, सकाळी ११:२०

एसीच्या नळीतून थेंब थेंब पडतं ते? आमच्याकडे रात्रीत अर्धी बादली भरते.

---

काचनळी | २५ एप्रिल, दुपारी २:१५

क्षार जवळजवळ नसतात त्यात. पण ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून आणि धुळीतून येतं. फुलझाडांना द्या, खायच्या पानांना मी देत नाही.

---

भर_उन्हात | २५ एप्रिल, संध्याकाळी ५:४०

सामू जुळला तरी मे महिना बाकी आहे, तेव्हा एक सांगून ठेवतो. टबातल्या पाण्याचं तापमान मोजा. मागच्या मेमध्ये माझा सामू ६, ईसी १.२, सगळं जागच्या जागी होतं आणि तरी चार दिवसांत मुळं तपकिरी होऊन कुजली, नासक्या कोबीसारखा वास. दुपारी दोनला टबातलं पाणी ३६ अंश होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कुजीची बुरशी तेव्हाच फोफावते. २० ते २४ अंश उत्तम, २८ पर्यंत निभतं.

आता टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळतो, खालचं टोक पाण्याच्या परातीत. आपल्या कोरड्या हवेत माठासारखं काम करतं, पाच-सहा अंश उतरतात. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. गोणपाटावर पांढरी खर धरेल, धरू द्या, ती टबाबाहेर आहे.

---

गच्चीवरचा_टब | १२ मे, रात्री ८:४५

सगळ्यांसाठी हालहवाल.

तिन्ही टब रिकामे करून घासले. तळाच्या जिप्समला नारळाची शेंडी आणि अर्धा तास लागला. पाणी तीनास एक. पहिल्या रात्री दोन मिली ॲसिड, सकाळी ६.९ होतं, आणखी पाऊण मिली. त्यानंतर ए, मग बी, वेगवेगळ्या मगांत. पाणी काचेसारखं नितळ राहिलं, तळ दिसतो.

सामू दिवसाला जेमतेम ०.१ नं चढतो. चौथ्या-पाचव्या दिवशी चार थेंब टाकले की झालं. वरून घालायचं पाणीही तेच मिश्रण करून झाकून ठेवतो. लोह काचनळी मॅडमच्या सांगण्यावरून ईडीडीएचए आणलं. पाणी लालसर दिसतं, लेक म्हणते कोकमाचं सरबत. जुनी पिवळी पानं तशीच राहिली, पण आतून येणारी नवीन पानं हिरवीगार आहेत.

लेट्यूस मात्र गेलं. सामूनं नाही, उन्हानं. दांडा वर फेकून कडू झालं. पालक गोणपाटात आणि शेडनेटखाली उभा आहे, पाणी दुपारी २९ पर्यंत जातं. कडेला खर अजून धरते, पण नखानं निघेल इतकी पातळ.

@कळण्याची_भाकरी ताई, एक विचारायचं होतं. दर पंधरा दिवसांनी टबाचं जुनं पाणी बदलतो, साठ लिटर निघतं. ओतून द्यायला जीव होत नाही. खाली अंगणात दोन कुंड्या आहेत, त्यांना चालेल?

---

कळण्याची_भाकरी | १२ मे, रात्री ९:१०

चालेल की. पण रोज नको, आणि त्यानंतर दोनदा साधं पाणी द्या, नाहीतर मातीच्या तोंडावर तुमची ती पांढरी खर येईल. आंबाडी लावा त्यात. बी माझ्याकडे आहे, पुढच्या आठवड्यात जळगावला येतेय, घेऊन येते. लेकीला द्यायचं आहे ते, तुम्हाला नाही.

---

केळीबाग_रावेर | १२ मे, रात्री ९:३३

भो, ॲसिडच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहिलंय का? नसेल तर आज रात्रीच लिहा.

---

गच्चीवरचा_टब | १२ मे, रात्री ९:४०

लिहिलं दादा. लाल पेननं, आणि कपाटाची किल्ली माझ्याच खिशात आहे.